किनाऱ्याचा स्थपती, दर्याचा धोरणी : सरखेल कान्होजी आंग्रे

सिल्वासा शहरातील टोकरखाड्यात उभे राहिले तर समुद्र दिसत नाही. शहराजवळून वाहणारी दमणगंगा पश्चिमेकडे जाते आणि दमण येथे अरबी समुद्राला मिळते. या भूमीचा दर्याशी डोळ्यांना दिसणारा संबंध एवढाच. दादरा आणि नगर हवेलीला स्वतःचा किनारा नाही. तरीही या प्रदेशाचे पावणेदोनशे वर्षांचे भवितव्य ठरले ते समुद्रावरच. १७७२ मध्ये मराठी आरमाराच्या हातून सांताना या पोर्तुगीज लढाऊ जहाजाची हानी झाली. भरपाईची बोलणी लांबत गेली. अखेर १७७९ मध्ये पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात मैत्रीचा तह झाला व वार्षिक बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांना देण्याचे ठरले. १० जून १७८३ रोजी नगर हवेली त्यांच्याकडे गेली. १७८५ मध्ये त्यांनी दादरा विकत घेतले. हा प्रदेश मुक्त झाला तो थेट २ ऑगस्ट १९५४ रोजी.

एका जहाजाच्या मोबदल्यात डोंगर, नद्या, साग आणि माणसांसह एक परगणा हातचा गेला. हे घडले तेव्हा मराठी आरमाराचा सर्वांत कर्तबगार सेनानी कान्होजी आंग्रे याला जाऊन अर्धशतक उलटले होते. त्याच्या हयातीत याच किनाऱ्यावर पोर्तुगीज, इंग्रज, डच आणि सिद्दी या चौघांनाही मराठ्यांशी समुद्राविषयी बोलताना दोनदा विचार करावा लागत असे. मग पन्नास वर्षांत काय बदलले? या प्रश्नाचे उत्तर कान्होजीच्या चरित्रात आहे. त्याच्या यशात आहे, तसेच त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या कामातही आहे.

सुवर्णदुर्गाची शाळा

कान्होजीचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून आंग्रे हे नाव रूढ झाले. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते आणि हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गावर त्यांची नेमणूक होती. त्यामुळे कान्होजीचे बालपण गेले ते किल्ल्याच्या तटाखाली, नांगरलेल्या गलबतांच्या आणि कोळी, भंडारी, गाबीत, दालदी अशा दर्यावर्दी समाजांच्या सहवासात.

त्या काळी या विद्येची पाठशाळा नव्हती. भरती केव्हा येते, उधाणाला पाणी कुठवर चढते, भांगाच्या दिवसांत कोणता खडक डोके वर काढतो, पहाटेचे मतलई वारे किती वेळ टिकतात, दुपारी खारे वारे केव्हा सुरू होतात, हे सारे तांडेलाच्या शेजारी बसून शिकायचे असे. पुस्तक नव्हते, नकाशा नव्हता. होती ती स्मरणशक्ती आणि चुकीला तत्काळ मिळणारी शिक्षा. कान्होजी या शाळेत तयार झाला. पुढे ज्याला किनाऱ्याचे बांधकाम आणि समुद्राचे राजकारण अशा दोन्ही गोष्टी पेलाव्या लागल्या, त्याचा पाया येथे घातला गेला.

१६८९ हे वर्ष मराठी राज्याच्या दृष्टीने अत्यंत कठीण होते. संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड मोगलांच्या हाती पडला आणि राजाराम महाराजांना दक्षिणेत जिंजीकडे जावे लागले. कोकणच्या किनाऱ्यावर जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांच्या वतीने दबाव वाढवीत होता. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार शत्रूला वश होऊ लागला, तेव्हा तरुण कान्होजीने त्याला बाजूला सारून किल्ला लढविला, अशी परंपरा सांगते. मध्यवर्ती सत्ता शेकडो कोस दूर असताना किनारा राखण्याचे काम किनाऱ्यावरच्या माणसांनाच करावे लागले. आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर यांच्या हाताखाली कान्होजी पुढे आला आणि १६९८ च्या सुमारास सरखेलपद त्याच्याकडे आले. ताराबाईंच्या कारभारातही ते कायम राहिले.

दगड, पाणी आणि लाकूड

कान्होजीने आपले मुख्य ठाणे अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर ठेवले. किल्ल्याचे काम १६८० मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सुरू झाले होते. कान्होजीने तो नव्याने बांधला नाही. पण त्याचे मर्म ओळखून त्याला आरमाराचे केंद्र केले. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर असलेल्या खडकावर हा किल्ला आहे. ओहोटीला तेथवर पायी जाता येते, भरतीला होडी लागते. म्हणजे दिवसातून दोनदा निसर्गच किल्ल्याभोवती खंदक भरतो आणि दोनदा रिकामा करतो. जमिनीवरून येणाऱ्या शत्रूला काही तासांचाच अवधी मिळतो; समुद्रावरून येणाऱ्या मोठ्या जहाजाला उथळ खडकाळ पाण्यामुळे जवळ येता येत नाही.

कुलाब्याच्या तटाची बांधणी विशेष लक्ष देण्याजोगी आहे. मोठमोठे चिरे चुन्याचा दर्जा न भरता एकमेकांवर रचलेले आहेत. लाट आदळते तेव्हा पाणी फटींमधून आत शिरते आणि तसेच ओसरते. भिंतीवर येणारा दाब त्यामुळे विभागला जातो. एकसंध भिंतीला लाटेचा संपूर्ण आघात सोसावा लागतो आणि मागे साचलेले पाणीही तिला बाहेर ढकलते. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर टेट्रापॉड नावाच्या चार पायांच्या काँक्रीट ठोकळ्यांची जी रास दिसते, तिच्यामागचे तत्त्व याच जातीचे आहे : लाटेला अडवायचे नाही, तिची शक्ती पोकळ्यांमध्ये जिरवायची. आजचा किनारी अभियंता हे गणिताने सिद्ध करतो. तत्कालीन पाथरवटाने ते पावसाळ्यांच्या अनुभवातून जाणले होते.

कुलाब्याच्या समोर जमिनीवर १७२० मध्ये हिराकोट उभा राहिला. त्याच्या आसपास वस्ती वाढली, बाजार आला, अलिबाग गावाला शहराचे रूप येऊ लागले. आंग्र्यांचा अलिबागी रुपया चलनात आला. उत्तरेस मुंबई बंदराच्या तोंडावर खांदेरीचे बेट होते. मुंबईत शिरणारे वा बाहेर पडणारे प्रत्येक जहाज तेथून दिसत असे. दक्षिणेस सुवर्णदुर्ग आणि त्याही खाली वाघोटण खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग. नकाशावर हे ठिपके जोडले तर कान्होजीची दृष्टी लक्षात येते. प्रत्येक किल्ला एकेकटा न राहता निगराणी, आश्रय, दुरुस्ती आणि वसुली यांची एक साखळी तयार झाली होती.

या साखळीतील विजयदुर्गाचे महत्त्व वेगळे होते. वाघोटणची खाडी खोल आणि आत वळत गेलेली. पावसाळ्यातल्या वादळी वाऱ्यापासून तेथे जहाजांना निवारा मिळे. त्या खाडीत खडक फोडून केलेली आंग्रेकालीन गोदी आजही पाहायला मिळते. तिची रीत सोपी होती. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचे, ओहोटी लागली की ते आपोआप कोरड्यावर बसते. मग सुतारांनी तळ तपासावा, शेवाळ व शिंपले खरवडावेत, फळ्यांच्या सांध्यांत कापूस व तेल भरून गळती थांबवावी आणि पुढच्या भरतीला जहाज पुन्हा पाण्यात लोटावे. यंत्र नाही, पंप नाही. चंद्राच्या ओढीने चढणारे-उतरणारे पाणी हेच यंत्र. किल्ल्याजवळच्या समुद्रात पाण्याखाली असलेल्या दगडी भिंतीनेही अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिची पाहणी केली. लोकपरंपरा या भिंतीचा संबंध शत्रूची जहाजे तळाशी आपटून फुटण्याशी जोडते.

जहाजांची निवडही किनाऱ्याच्या स्वभावाला धरून होती. कान्होजीच्या आरमाराचा कणा होता गुराब आणि गलबत. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत आणि तिचे वजन साधारण दीडशे ते तीनशे टन भरे. गलबत त्याहून लहान, सुमारे सत्तर टनांपर्यंतचे. त्यावर चाळीस-पन्नास वल्ही चालत. दोन्हींचा तळ उथळ, त्यामुळे जेथे युरोपीय जहाजाचा तळ वाळूत रुतला असता तेथून ती सहज निसटत. लढण्याची पद्धतही यातूनच जन्मली. खाडीत दडून राहायचे, वारा पडला की वल्ह्यांच्या बळावर बाहेर यायचे, शिडांच्या भरवशावर असलेल्या आणि निश्चल झालेल्या मोठ्या जहाजाच्या पिछाडीला जायचे व तेथून मारा करायचा, कारण त्या जहाजाच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना असत. गुराबेच्या नाळेवरच्या तोफा या कामासाठीच होत्या. वारा पुन्हा सुटला की उथळ पाण्यावरून खाडीत परत. डच, पोर्तुगीज आणि इतर युरोपीय खलाशी व गोलंदाजही त्याने चाकरीस ठेवले होते. ज्ञान कोणत्या जातीचे वा धर्माचे आहे, हे पाहण्याची त्याची रीत नव्हती.

दस्तकाचा प्रश्न

किल्ले, गोदी आणि गुराबा ही कान्होजीच्या कर्तृत्वाची एक बाजू. दुसरी बाजू धोरणाची होती आणि ती पहिल्याइतकीच महत्त्वाची होती.

सोळाव्या शतकाच्या प्रारंभापासून पोर्तुगीजांनी अरबी समुद्रावर कार्ताझची पद्धत लादली होती. त्यांचा परवाना घेतल्याशिवाय आणि त्यांना कर भरल्याशिवाय येथील व्यापाऱ्याने आपल्याच समुद्रात जहाज हाकारू नये, असा तो दंडक होता. गोव्याच्या सत्तेचे मोठे बळ या कागदात होते. पुढे इंग्रजही आपले परवाने देऊ लागले. ज्यांचा देश हजारो कोस दूर, त्यांनी कोकणच्या पाण्यावर कर घ्यावा आणि ज्यांची घरे किनाऱ्यावर, त्यांनी तो भरावा, ही स्थिती कान्होजीला मान्य नव्हती. त्याने मराठी राज्याचे दस्तक हे या पाण्यातील अधिकृत परवाने आहेत असा दावा मांडला. दस्तक घ्यावे, ठरलेली जकात भरावी आणि सुखाने जावे; दस्तक नसेल तर जहाज व माल जप्त होईल.

इंग्रजांशी त्याचे भांडण प्रामुख्याने एका बारीक पण निर्णायक मुद्द्यावर होते. कंपनीच्या स्वतःच्या जहाजांना सवलत देण्यास तो तयार झाला होता. परंतु कंपनीचे नोकर खासगी व्यापार करीत आणि देशी व्यापारीही इंग्रजी निशाण व परवाना घेऊन आपली जहाजे हाकारीत. मग निशाण कोणाचे पाहायचे आणि माल कोणाचा मानायचा? १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नराची सशस्त्र नौका कान्होजीच्या आरमाराने पकडली. कारवारच्या वखारीचा प्रमुख त्या झुंजीत मारला गेला आणि त्याची पत्नी कैद झाली. तिच्या सुटकेसाठी इंग्रजांना तीस हजार रुपये मोजावे लागले. १७१३ मध्ये समझोता झाला. कंपनीच्या जहाजांना त्रास देऊ नये, इंग्रजांनीही आपले निशाण इतरांच्या जहाजांवर चढू देऊ नये, असे त्याचे स्वरूप होते. हा समझोता टिकला नाही. मात्र जहाजाचा खरा मालक एक आणि निशाण दुसऱ्याचे, हा पेच आजच्या जागतिक नौवहनातही सुटलेला नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे कान्होजीच्या प्रश्नाची धार कळते.

याच सुमारास मराठी राज्यात यादवी चालू होती. कान्होजी ताराबाईंच्या पक्षात होता. त्याच्यावर चालून आलेले शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे त्याच्या कैदेत सापडले. त्यानंतर पेशवेपद मिळालेले बाळाजी विश्वनाथ स्वतः कोकणात बोलणीसाठी आले. १७१४ च्या तहाने कान्होजीने शाहूंचे स्वामित्व मान्य केले, पिंगळ्यांना मुक्त केले आणि सरखेलपद व किनाऱ्यावरील किल्ल्यांची साखळी आपल्याकडे राखली. दोघांनाही या तहाची गरज होती. सातारा दरबाराला समुद्र हवा होता. कान्होजीला पाठीशी राज्याचे छत्र हवे होते, कारण छत्राविना दस्तक म्हणजे नुसता कागद. बाळाजी विश्वनाथांनी ही परस्परांची गरज ओळखली, ही त्यांची थोरवी.

चार आरमारे, एक किनारा

१७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याने मुंबईभोवतीच्या तटबंदीला वेग दिला आणि लढाऊ जहाजे बांधायला घेतली. त्यानंतरची काही वर्षे कान्होजीच्या व्यवस्थेची कसोटी पाहणारी ठरली. १७१७ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला; तो फसला. १७१८ मध्ये खांदेरीवर मोहीम काढली, तीही फसली. १७२० मध्ये विजयदुर्गापुढे उथळ पाण्यात नेता येईल असा तरंगता तोफखाना खास तयार करून आणला. किल्ल्याच्या उथळ परिसराला उत्तर म्हणून ही कल्पना चुकीची नव्हती, पण प्रत्यक्षात ती कामी आली नाही.

सर्वांत मोठे संकट आले ते १७२१ मध्ये. इंग्लंडच्या राजाच्या आरमारातील जहाजे घेऊन कमोडोर थॉमस मॅथ्यूज मुंबईत दाखल झाला होता. गोव्याचा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को जुझे द सांपायु इ कास्त्रु याने इंग्रजांशी हातमिळवणी केली. डिसेंबरमध्ये संयुक्त फौजा कुलाब्यावर चालून गेल्या. किल्ल्याने तोंड दिले. जमिनीच्या बाजूने बाजीराव पेशव्यांचे घोडदळ मदतीला आले. पोर्तुगीजांनी परिस्थिती ओळखून जानेवारी १७२२ मध्ये मराठ्यांशी स्वतंत्र तह केला आणि इंग्रजांना माघारी फिरावे लागले. १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर नशीब अजमावले. त्यांच्याही पदरी अपयश आले.

या विजयांचे श्रेय केवळ शौर्याला देणे म्हणजे कान्होजीवर अन्याय करणे होय. १७२१ ची घटना पाहावी. समुद्रातील खडकावरचा किल्ला, भरती-ओहोटीने मर्यादित केलेला हल्ल्याचा अवधी आणि किनाऱ्यावरची जागा हे स्थापत्याचे बळ होते. वेळेवर धावून आलेले घोडदळ हे १७१४ च्या तहाचे फळ होते. पोर्तुगीजांना इंग्रजांपासून वेगळे काढणारा तह हे मुत्सद्देगिरीचे यश होते. तिन्ही एकत्र आली म्हणून कुलाबा वाचला. यांतील एक उणे असते, तर निकाल वेगळा लागण्याची शक्यता होती.

चाचेपणाचा आरोप

तत्कालीन इंग्रजी लेखनात कान्होजीला सर्रास समुद्री चाचा म्हटलेले आढळते. ज्या राज्याचा सरखेल ते राज्य मान्य, त्याचे पद अधिकृत, त्याचे दस्तक राज्याच्या नावाने दिलेले. अशा माणसाला चाचा ठरविणे हे राजकारण होते. परवाना मागणारा पोर्तुगीज सत्ताधीश आणि परवाना मागणारा मराठा लुटारू, हा न्याय एकतर्फी होता.

तथापि दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. जप्तीचा माल हा आरमाराच्या खर्चाचा एक मोठा आधार होता. त्यामुळे कायदेशीर जप्ती आणि सोयीची जप्ती यांतील सीमारेषा नेहमीच स्वच्छ राहिली असे म्हणता येणार नाही. देशी व्यापाऱ्यांनाही या झगड्याची झळ लागली. धोरण न्याय्य असले तरी त्याच्या अंमलबजावणीचा खर्च त्याच धोरणाने पकडलेल्या मालातून निघू लागला की पकडणाऱ्याची नजर मालाकडे वळते. दर्याच्या राज्यकर्त्यांसाठी हा धडा आजही जुना झालेला नाही.

जे मागे राहिले नाही

१७२९ मध्ये अलिबाग येथे कान्होजीचे निधन झाले. त्याची समाधी तेथेच आहे. ज्येष्ठ पुत्र सेखोजी सरखेल झाला. तो १७३३ मध्ये वारला. त्यानंतर भावाभावांत कलह माजला आणि दौलत विभागली गेली : कुलाब्याचा भाग मानाजीकडे, दक्षिणेकडील सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाचा भाग संभाजीकडे आणि त्याच्या पश्चात तुळाजीकडे. वडिलांनी जोडलेली साखळी मधोमध तुटली. तुळाजीचे पेशव्यांशी बिनसले. नानासाहेब पेशव्यांनी त्याच्या पारिपत्यासाठी इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला; फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि खाडीत नांगरलेले आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. कान्होजीच्या हयातीत परकीयांना जे अनेक हल्ल्यांत साधले नव्हते, ते मराठी सत्तेच्या सहकार्याने एका मोहिमेत साधले.

पेशव्यांनी नंतर विजयदुर्ग परत मिळवून आरमार उभे केले. त्यात शूर माणसे होती, जहाजेही होती. नव्हते ते कान्होजीच्या काळातले सुसंगत सागरी धोरण. कोणाचे जहाज धरायचे, कोणाचे सोडायचे, धरले तर त्यातून राज्याला काय मिळवायचे, याचा विचार किनाऱ्यावर एक आणि पुण्यात दुसरा होऊ लागला. सांताना प्रकरणाचा शेवट काय झाला ते नगर हवेलीने पाहिले. कान्होजीने पकडलेल्या नौकेने राज्याला खंडणी आणि समझोता मिळवून दिला. सांतानाने राज्याचा एक परगणा नेला.

कान्होजीच्या कर्तृत्वाची मर्यादा येथेच दिसते. त्याने दोन विद्या एकाच डोक्यात एकत्र आणल्या. पण त्या विद्यांची शाळा काढली नाही. वाघोटणच्या गोदीत घडलेला सुतार आपल्या मुलाला शिकवी, तांडेल आपल्या पुतण्याला. त्यापलीकडे ज्ञान जात नसे. किनाऱ्याची मोजणी कागदावर उतरली नाही. त्याच शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांच्या मुंबई आरमारातील जॉन मॅक्लुअर याने या पश्चिम किनाऱ्याची पद्धतशीर पाहणी करून नकाशे तयार केले. जे ज्ञान कोकणी तांडेलाच्या मनात होते, ते आता परक्याच्या कागदावर आले. माणूस मेला की मन जाते. कागद मात्र पुढच्या कप्तानाच्या हाती पडतो.

टोकरखाड्याहून दिसणारा समुद्र

नगर हवेली आणि समुद्र यांची गोष्ट १७८३ ला संपली नाही. या जंगलातील सागवान दमणच्या गोदीत जाऊ लागले. १८४३ मध्ये दमण येथे पाण्यात उतरलेले दोम फेर्नांदु दुसरा इ ग्लोरिया हे पोर्तुगीज लढाऊ जहाज नगर हवेलीच्या सागाचे होते. १९६३ मध्ये आगीत ते जळाले, पुढे त्याचा जीर्णोद्धार झाला आणि आज लिस्बनजवळ अल्मादा येथे ते संग्रहालय म्हणून उभे आहे. एका जहाजापायी गेलेल्या प्रदेशाने दुसऱ्या जहाजाला देह दिला. किनारा नसलेली भूमीही समुद्राच्या व्यवहाराबाहेर नसते, याचा याहून ठळक पुरावा सापडणे कठीण.

२६ जानेवारी २०२० पासून दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. टोकरखाड्यात राहणारा विद्यार्थी आता किनारा असलेल्या प्रदेशाचा नागरिक आहे. त्याच्यापुढे अभ्यासाच्या ज्या नव्या वाटा आहेत, त्यांतील एक किनारी अभियांत्रिकी आणि सागरी धोरण यांची सांगड घालणारी आहे. पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण सलग पाच वर्षांत पूर्ण करण्याची पद्धत देशातील अभियांत्रिकी शिक्षणाला परिचित आहे; आयआयटी मद्रासमध्ये समुद्र अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे, १९१६ मध्ये स्थापन झालेले आणि पुण्याजवळ खडकवासला येथे असलेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र बंदरांची प्रतिरूपे करून लाटांचा अभ्यास करते आणि गोव्यात दोना पावल येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे.

या दोन विषयांना एकत्र का शिकवावे, हे किनाऱ्यावर गेल्यावर समजते. एका गावाला वाचवण्यासाठी धूपप्रतिबंधक बंधारा घातला की वाळूचा प्रवाह अडतो आणि धूप शेजारच्या गावाकडे सरकते. बंधाऱ्याचे गणित अचूक असूनही निर्णय चुकलेला असू शकतो. उलट, १९९१ पासून लागू असलेल्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेसारखा नियम भरती-रेषेपासून मीटर मोजून लिहिला जातो. पण ती रेषा कशी आखायची, ती दरवर्षी कशी हलते, हे न जाणणाऱ्याच्या हाती तो नियम आंधळा होतो. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कराराने किनारी देशांना २०० सागरी मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रावर हक्क दिला. आपल्या पाण्यावर आपला अधिकार, हे कान्होजीच्या दस्तकामागचे सूत्र आज जगाच्या कायद्यात वेगळ्या स्वरूपात मान्य झाले आहे. तो हक्क बजावायला मात्र पाण्याची जाण आणि कायद्याची जाण एकाच व्यक्तीत किंवा निदान एकाच टेबलावर असावी लागते.

स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ मध्ये मुंबईतील आपल्या तळाला आंग्रे हे नाव दिले. खांदेरीच्या बेटालाही कान्होजीचे नाव मिळाले आणि तेथील दीपगृह आजही मुंबईकडे येणाऱ्या जहाजांना वाट दाखवते. ही स्मारके योग्यच आहेत. पण ज्याने किनाऱ्याचा दगड आणि समुद्राचा कायदा एकत्र वाचला, त्याचे खरे ऋण फिटेल ते त्याने न काढलेली शाळा भरल्यावर. त्या शाळेत दमणगंगेच्या मुखाशी राहणारा विद्यार्थी असावा, तसाच तिच्या काठी वर टोकरखाड्यात राहणाराही असावा. समुद्राविषयीचा एक निर्णय चुकला तर त्याची किंमत किनाऱ्यापासून दूरच्या माणसांनाही मोजावी लागते, हे नगर हवेलीइतके दुसऱ्या कोणत्या भूमीला ठाऊक आहे?